हलक्या रणगाड्याची गोष्ट

गेल्या दिवाळीच्या सुटींत नातवाच्या हट्टापायीं मला अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींचें अहमदनगर, येथील रणगाड्यांचें संग्रहालय पाहण्याचा योग आला. भारतीय सेनेच्या चिलखती दळाचें शिक्षणकेंद्र याच गांवीं आहे. संग्रहालयाच्या आवारांत अनेक राष्ट्रांचे जुने रणगाडे ओळीनें मांडून ठेविलेले आहेत. कांहीं अजस्र धूड, तर कांहीं अगदींच लहान चणीचे. अकरा वर्षांचा आमचा नातू एका लहानशा रणगाड्यापुढें थबकला व म्हणाला, "आजोबा, मोठा करतां येत असतांना हा लहान कशाला केला? मोठ्यापुढें हा टिकणार कसा?"

प्रश्न सरळ होता. पण उत्तर मला चट्‌कन् देतां आलें नाहीं. "घरीं गेल्यावर सांगतों," असें म्हणून मीं वेळ मारून नेली. ही शिक्षकाची जुनी युक्ति. घरीं आल्यावर मात्र बोललों तें पाळणें भाग पडलें. चार पुस्तकें चाळलीं, आणि एका हलक्या रणगाड्याचें संपूर्ण चरित्रच हातीं लागलें. नातवास जें सांगितलें तेंच आज येथें मांडतों. कारण त्याचा शेवट आपल्याच देशांत, हिमालयाच्या एका खिंडींत झालेला आहे.

आपल्याकडे सेनेचीं चार अंगें मानीत : हत्ती, रथ, घोडा आणि पायदळ. हत्तीनें दरवाजा फोडावा आणि घोड्यानें धांवावें; शत्रूचा ठाव घ्यावा, त्याच्या बगलेवर जावें, पळत्याचा पाठलाग करावा. हत्तीला पाठलागावर धाडणारा किंवा घोड्याला तटावर धडका देण्यास लावणारा सेनापति शहाणा म्हणवला जात नसे. रणगाड्यांतहि हाच भेद आहे. जड रणगाडा हा हत्ती आणि हलका रणगाडा हा घोडा. ज्या रणगाड्याची ही कथा, त्याचें नांवहि एका घोडदळाच्या सरदारावरून पडलेलें होतें.

अमेरिकेचें सरकारी नांव 'एम-३', परंतु इंग्रजांनीं त्यास 'स्टुअर्ट' हें नांव दिलें. हा स्टुअर्ट अमेरिकेंतील यादवी युद्धांत दक्षिणेकडील पक्षाचा घोडदळाचा सेनानी होता. सन १८६२ मध्यें त्यानें शत्रूच्या सबंध सैन्याला घोड्यावरून वळसा घालून बातमी आणिली, म्हणून त्याची कीर्ति झाली.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेनें रणगाड्यांकडे फारसें लक्ष दिलें नव्हतें. इलिनॉय प्रांतांतील रॉक आयलंड येथील सरकारी कारखान्यांत जे थोडे हलके रणगाडे होत, त्यांवर नुसत्या मशीनगनच असत. सन १९३६ ते १९३९ च्या स्पेनमधील यादवींत असें दिसून आलें कीं, तोफ असलेल्या रणगाड्यापुढें मशीनगनच्या रणगाड्याचें कांहीं चालत नाहीं. तेव्हां नव्या नमुन्यावर ३७ मिलिमीटर, म्हणजे सुमारें दीड इंच व्यासाची तोफ आली. पुढें १९४० च्या जूनमध्यें फ्रान्स पडला. आणि त्याच वर्षाच्या जुलैंत अधिक जाड पोलादाचा 'एम-३' नमुना मंजूर झाला. मार्च १९४१ पासून तो पेनसिल्व्हेनियांतील बर्विक गांवीं आगगाडीचे डबे बनविणाऱ्या एका कारखान्यांतून बाहेर पडूं लागला.

त्याची अंगकाठी थोडक्यांत सांगतों. वजन सुमारें साडेबारा टन. पुढें प्रसिद्धीस आलेला अमेरिकेचा शेर्मन रणगाडा तीस टनांवर आणि जर्मनांचा टायगर पन्नास टनांवर भरे, यावरून तुलना व्हावी. पुढील बाजूचें पोलाद अदमासें दीड इंच जाड. तोफेचा चिलखतभेदी गोळा वजनानें किलोभरहि नव्हता. एंजिन मात्र विमानाचें होतें : सात नळकांड्यांचें, चाकाच्या आऱ्यांप्रमाणें वर्तुळांत मांडलेलें, हवेनें थंड होणारें. त्याच्या जोरावर चांगल्या सडकेवर हा गाडा ताशीं पस्तीस मैलांपर्यंत धांवे. पण पेट्रोल फार खाई. एकदां भरलेली टांकी सत्तर मैलांच्या आसपास संपे.

आंत माणसें चार. पुढें चालक व त्याचा मदतनीस. वर फिरत्या बुरुजांत तोफ चालविणारा आणि नायक. नायकाला बाहेर पाहणें, हुकूम देणें, बिनतारी यंत्रावर बोलणें आणि तोफेंत गोळा भरणें हीं सर्व कामें एकट्यास करावीं लागत. त्यांतच एंजिनापासून पुढील चाकांकडे जाणारा फिरता दांडा बुरुजाखालून मधोमध गेलेला. त्यामुळें बुरूज वळला कीं आंतल्या दोघांनीं त्या दांड्यावरून पाय उचलीत स्वतःहि वळावयाचें. आरंभीच्या रणगाड्यांचें पोलाद रिपिटांनीं जोडलेलें असे. बाहेरून गोळा बसला आणि पोलाद फुटलें नाहीं तरी रिपिटा निसटून आंत बंदुकीच्या गोळीप्रमाणें उडत. पुढें पत्रे वितळवून सांधण्याची रीत आल्यावर हा धोका टळला. सोयी मागाहून येतात. आधीं कोणीतरी त्या गैरसोयीची किंमत दिलेली असते.

स्टुअर्टची पहिली मोठी लढाई नोव्हेंबर १९४१ मध्यें लिबियाच्या वाळवंटांत झाली. इंग्रजांच्या चौथ्या चिलखती ब्रिगेडला हेच रणगाडे मिळाले होते. इंग्रजी शिपाई ह्या गाड्यावर फारच खुश झाले. कारण त्यांचे स्वतःचे रणगाडे वाटेंत वरचेवर मोडून पडत, तर हा कळ दाबतांच सुरू होई आणि दिवसभर कुरकुर न करितां चाले. त्यांनीं त्यास 'हनी', म्हणजे मध, असें लाडकें नांव ठेविलें. क्रिकेटच्या शोकिनांस येथें एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. दक्षिण आफ्रिकेचा कसोटी गोलंदाज बॉब क्रिस्प ह्या लढाईंत हनीचा नायक होता. पहिल्या दर्जाच्या क्रिकेटमध्यें लागोपाठ चार चेंडूंवर चार बळी घेण्याचा पराक्रम त्यानें दोनदां केला होता. पुढें त्यानें ह्या रणगाड्यांच्या दिवसांवर एक पुस्तकहि लिहिलें.

परंतु प्रेम असलें तरी पोलाद पातळ तें पातळच. जर्मन आपल्या रणगाड्यांनीं इंग्रजांस हुलकावणी देऊन मागें दडविलेल्या रणगाडाविरोधी तोफांच्या टप्प्यांत ओढीत. त्या तोफा दुरून मारा करीत. हनीच्या लहान तोफेचा गोळा मात्र शत्रूच्या जवळ गेल्यावांचून काम करीत नसे. म्हणून नायक एकच उपाय करीत : भरधांव जाऊन अंतर तोडावयाचें, बगलेस पोहोंचावयाचें आणि मग गोळा टाकावयाचा. अनेक गाडे पोहोंचण्यापूर्वींच पेटले. घोड्याला तटावर धडका देण्यास लाविलें होतें, त्याचें हें फळ.

ही गोष्ट पुढल्या वर्षीं ट्युनिशियांत दोन दिवसांच्या अवधींत फार स्पष्टपणें दिसून आली. ता. २५ नोव्हेंबर १९४२ रोजीं अमेरिकनांचे स्टुअर्ट शत्रूच्या मुलुखांत टेहळीत पुढें गेले असतां जेदेदा येथील जर्मनांचें विमानतळ अचानक त्यांच्या दृष्टीस पडलें. पहारा जेमतेम होता. गाडे थेट धांवपट्टीवर शिरले आणि जमिनीवर उभीं असलेलीं वीसाहून अधिक विमानें त्यांनीं तोफांनीं, मशीनगननीं आणि पट्ट्यांखालीं चिरडून नष्ट केलीं. घोडदळाची ह्याहून सुंदर धाड कोणती? दुसऱ्याच दिवशीं त्याच पलटणीचे स्टुअर्ट लांब तोफांच्या जर्मन रणगाड्यांसमोर पडले. त्यांचे गोळे जर्मनांच्या पुढील पोलादावर आपटून चेंडूसारखे उडूं लागले. एक तुकडी समोरून मार खात असतां दुसरी मागून वळसा घालून गेली, म्हणून जर्मनांस माघार घ्यावी लागली. पण मोल फार पडलें. पलटण तीच, गाडे तेच. काम तेवढें बदललेलें होतें.

पूर्वेकडे त्याचें नशीब जरा बरें होतें. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन रणगाडे शत्रूच्या रणगाड्यांशीं प्रथम लढले ते फिलिपाइन्समध्यें, २२ डिसेंबर १९४१ रोजीं; आणि ते स्टुअर्टच होते. जपानी रणगाडेहि हलकेच असल्यानें तेथें सामना बरोबरीचा होई. ग्वादलकनाल बेटावर ऑगस्ट १९४२ मध्यें हे लढले, आणि न्यू गिनींतील बुना येथें डिसेंबरांत ऑस्ट्रेलियन पलटणींबरोबर, ह्यांनीं नारळाच्या ओंडक्यांचे मोर्चे फोडले. तीस टनांचा गाडा अशा बेटांवर उतरविणें आणि दलदलींतून नेणें हेंच मोठें संकट. हलकेपणा तेथें गुण ठरला.

आतां आपल्या शेजारीं येऊं. फेब्रुवारी १९४२ मध्यें इंग्रजांची सातवी चिलखती ब्रिगेड स्टुअर्ट घेऊन रंगून बंदरांत उतरली. ती आली तेव्हां ब्रह्मदेश हातचा जात चालला होता. ७ मार्च रोजीं रंगून सोडावें लागलें, आणि तेथून उत्तरेकडे जी दीर्घ पिछेहाट सुरू झाली, तींत ह्या रणगाड्यांनीं मागची बाजू राखिली. रस्ता अडला कीं तो फोडावयाचा, थकलेल्या पायदळाला अंगावर बसवून न्यावयाचें, पाठीवर आलेल्या जपान्यांना थोपवून धरावयाचें. लक्षावधी हिंदी लोक त्याच सुमारास ब्रह्मदेशांतून पायीं हिंदुस्थानाकडे निघाले होते, आणि त्यांतील हजारों वाटेंतच मेले, हें आपण विसरूं नये.

मे महिन्यांत सेना चिंदविन नदीवर पोहोंचली. पलीकडे हिंदुस्थानची वाट; पण रणगाडे उतरवून नेण्यास पुरेशा नावा नव्हत्या. इतक्या दूर निभावून आणिलेले गाडे शत्रूच्या हातीं लागूं नयेत म्हणून शिपायांनीं आपल्याच हातांनीं निकामी केले. एकच रणगाडा पैलतीरीं गेला. त्याचें नांव 'कर्स ऑफ स्कॉटलंड', म्हणजे स्कॉटलंडचा शाप. इंग्रज लोक पत्त्यांतील चौकटच्या नव्वीस ह्या नांवानें ओळखतात. हा उरलेला एकुलता एक गाडा पुढें हिंदी सेनेच्या सातव्या लाइट कॅव्हलरीकडे आला. त्याचा बुरूज उतरवून अधिकाऱ्यासाठीं गाडी केली गेली, आणि १९४५ मध्यें हिंदी फौज ब्रह्मदेश परत घेत निघाली तेव्हां तीहि बरोबर होती. ज्या वाटेनें हार खाऊन आला, त्याच देशांत तो जिंकणाऱ्यांबरोबर परत गेला.

सातवी लाइट कॅव्हलरी हें नांव वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. १९४४ च्या इंफाळच्या लढाईंत ही पलटण स्टुअर्ट घेऊनच लढली. पण एव्हांना बाकी जगांत स्टुअर्टचा जमाना संपत आला होता. विमानाचीं एंजिनें विमानांनाच पुरेनात, म्हणून मोटारीचीं दोन एंजिनें जोडून 'एम-५' हा त्याचा धाकटा भाऊ निघाला. तरी तोफ तीच दीड इंची राहिली. युरोपांत पुष्कळ ठिकाणीं बुरूज काढून त्याच्या टेहळणीच्या गाड्या केल्या गेल्या, आणि १९४४ पासून अधिक मोठ्या तोफेचा 'शॅफी' त्याच्या जागीं येऊं लागला. दोन्ही भावांची मिळून संख्या बावीस हजारांवर गेली होती. युद्ध संपलें तेव्हां त्यांची किंमत जुन्या बाजारांतील भांड्यांसारखी झाली होती.

आणि येथूनच त्याच्या चरित्राचें शेवटचें आणि माझ्या मतें सर्वांत मोठें प्रकरण सुरू होतें.

सन १९४८. काश्मीरांत युद्ध चाललेलें. मे-जून महिन्यांत कारगील आणि द्रास शत्रूच्या हातीं गेलें, आणि श्रीनगरहून लेहकडे जाणारा रस्ता तुटला. लेह येथील मूठभर फौजेस मदत पोहोंचे ती विमानानें. तो रस्ता झोजी-ला नांवाच्या खिंडींतून जातो. तिची उंची सुमारें साडेअकरा हजार फूट. दोन्ही अंगांस उभे कडे, आणि कड्यांच्या खबदडींत शत्रूच्या मशीनगन व तोफा. सप्टेंबरांत ७७ व्या पॅराशूट ब्रिगेडच्या पायदळानें चढाया केल्या. त्या मागें हटविल्या गेल्या. हिंवाळा जवळ येत होता. बर्फानें खिंड बंद झाली कीं पुढील उन्हाळ्यापर्यंत लडाखचें दैव देवाच्या हवालीं.

तेव्हां मेजर-जनरल थिमय्या यांनीं एक विलक्षण बेत ठरविला : खिंडींत रणगाडे न्यावयाचे. इतक्या उंचीवर रणगाडा कोणीं लढविला नव्हता. खालीं बालतालपासून वर जी वाट होती ती खेंचरांची. मद्रास सॅपर्सच्या दोन तुकड्यांनीं खडक फोडून ती रुंद केली; हें काम शत्रूच्या माऱ्याच्या टप्प्यांत चाले. इकडे सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट जम्मूकडून डोंगर ओलांडून श्रीनगरमार्गें निघाले. वाटेंतील पूल त्यांचें वजन पेलण्याजोगे नव्हते. मग बुरूज वेगळे केले, गाडे सुटे करून दोरखंडांनीं ओढीत पुलांवरून पार नेले. ह्यांत दुसराहि हेतु होता : रणगाडे येत आहेत हें कोणास कळूं नये. बालतालला बुरूज पुन्हा चढविण्यांत आले.

येथें मला वाचकांस थांबवून विचारावेंसें वाटतें : ह्या ठिकाणीं पन्नास टनांचा टायगर काय कामाचा होता? पहिल्याच पुलानें त्यास जलसमाधि दिली असती. ज्या हलकेपणानें लिबियांत घात केला, तोच येथें उपयोगी पडला. शत्रूजवळ येथें जर्मनांसारख्या लांब पल्ल्याच्या तोफांची रांग नव्हती. मशीनगनच्या गोळ्यांना दीड इंच पोलाद भरपूर होतें. आणि खबदडींतील मोर्चा फोडण्यास ती कुचेष्टेचा विषय झालेली दीड इंची तोफहि पुरेशी होती.

ता. १ नोव्हेंबर १९४८. लेफ्टनंट कर्नल राजिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखालीं स्टुअर्ट खिंडींत शिरले. राजिंदर सिंगांस मित्रमंडळी 'स्पॅरो', म्हणजे चिमणी, म्हणत. हवा बर्फाची होती. मागून आपल्या तोफखान्याचा मारा आणि रणगाड्यांच्या पाठोपाठ पायदळ. जेथें खेंचरांखेरीज कांहीं येईल अशी कोणासहि कल्पना नव्हती, तेथें रणगाडे आलेले पाहून शत्रूचा धीर सुटला. महिनोन्‌महिने अडून राहिलेली खिंड त्या एका दिवसांत मोकळी झाली. नोव्हेंबरच्या मध्यास द्रास हातीं आलें, आणि महिना संपण्यापूर्वीं कारगीलला लेहकडून आलेल्या आपल्या फौजेशीं गांठ पडली. पुढें १९४९ च्या पहिल्या दिवसापासून युद्धतहकुबी झाली. म्हणजे दोन महिन्यांचा उशीर झाला असता तर लडाखचा रस्ता बंदच राहिला असता. राजिंदर सिंगांस महावीरचक्र मिळालें.

संस्कृत सुभाषितकारांनीं योजकाच्या दुर्मिळतेबद्दल जें सांगून ठेविलें आहे तें मीं वर्गांत कित्येक वर्षें मुलांकडून पाठ करून घेतलें. परंतु तें मला स्वतःला पाठ झालें होतें कीं नाहीं, ह्याची शंका येते. माझ्या वर्गांत एक विद्यार्थी होता. त्यास 'देव' शब्द कधीं धड चालवितां आला नाहीं. एके दिवशीं मीं त्याच्या वडिलांस, त्याच्याच देखत, सांगितलें, "हा कशाच्याच उपयोगाचा नाहीं." पुढल्या वर्षीं तो शाळेंत दिसला नाहीं. पंधरा वर्षांनीं, ऐन उन्हाळ्यांत आमच्या आळींतला पाण्याचा पंप बंद पडला. दोन कारागीर हात टेकून गेले. तिसरा रात्रीं आला, तासाभरांत यंत्र चालू केलें, आणि तेलकट हात पुशीत माझ्या पायां पडला. म्हणाला, "गुरुजी, 'देव' शब्द अजूनहि येत नाहीं." सर्व हंसले. मीहि हंसलों, पण त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं.

नातवास ही सर्व कथा सांगून झाली तेव्हां माझी समजूत होती कीं, त्याच्या प्रश्नाचें उत्तर पुरें झालें. लहान रणगाडा लहान म्हणून वाईट नसतो. त्यास कोठें धाडावें हें धाडणाऱ्यास कळलें पाहिजे. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "पण आजोबा, वाळवंटांत धाडणाऱ्याची चूक झाली, तर मेली ती आंतलीं माणसें ना?"

होय, बाळ. आंतलीं माणसें. आणि ज्यांच्या हातीं दुसऱ्यास कामाला लावण्याचा अधिकार असतो, मग तो सेनापति असो, घरांतील वडील असो कीं शाळामास्तर असो, त्यांनीं रोज स्मरावें असें ह्या कथेंत दुसरें कांहींहि नाहीं.